आधी साठ चित्रं, मग शाखा

प्रश्न : मी कोल्हापुरात कला महाविद्यालयात फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला आहे. इथे आले ती उपयोजित कलेला जायचं म्हणून. बाबांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं, आता ते फ्लेक्सचं झालंय. मी डिझाइन शिकून दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलंच आहे. जानेवारीत आमची आउटडोअर, म्हणजे बाहेर बसून चित्र काढायची सहल, पंचगंगेच्या घाटावर गेली. सरांनी आधी कागद ओला करायला लावला. त्यावर निळा सोडला तर तो आपोआप पसरला आणि आभाळ झालं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. पण नंतरचं एकही चित्र तसं झालं नाही. पहिली दहा मिनिटं छान जातात, मग सगळा चिखल. सीनियर म्हणतात, जलरंग शाळेतल्या पोरांसाठी, ऑइल घे. वर्गातल्या निम्म्या मुलांचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. साठवलेले दीड हजार रुपये आहेत, ते कशावर घालू? जूनमध्ये शाखा निवडायची आहे, बाबांना काय सांगू? की हे चार दिवसांचं वेड आहे?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर :

घाटावर त्या सकाळी काय काय जुळून आलं होतं ते आधी बघू. जानेवारी, नदीकाठ, गार हवा. म्हणजे कागदातलं पाणी सावकाश उडत होतं. कागद सगळीकडे सारखा भिजलेला होता. त्यावर तू एकच रंग सोडलास. आणि आश्चर्य वाटून म्हण किंवा घाबरून म्हण, तू त्याला परत हात लावला नाहीस. एवढं जमून आलं की आभाळ कुणाचंही होतं. आता बहुधा तू मार्चच्या दुपारी खोलीत पंख्याखाली बसतेस, पाच-सहा रंग काढतेस आणि बिघडलेली जागा सुधारायला तिथेच चार वेळा ब्रश फिरवतेस. तेव्हा पहिलं काम अगदी घरगुती आहे. चित्र काढताना पंखा बंद ठेव. पंख्याखाली कागद एका कडेने आधी सुकतो, आणि आपल्याला कळत नाही की कुठे ओल उरली आहे.

आता चिखल. पिवळा, तांबडा, निळा असे तिन्ही रंग साधारण सारख्या प्रमाणात एकत्र आले की करडा-तपकिरी होतो, हे तुला रंगचक्रात शिकवलंच असेल. गोम पुढे आहे. स्वस्त पेटीतल्या ‘सॅप ग्रीन’सारख्या एका ट्यूबमध्ये कारखान्यातच दोन-तीन रंगद्रव्यं मिसळलेली असतात. तिच्यात तू दुसरी तसलीच ट्यूब मिसळलीस की पॅलेटवर पाच-सहा रंगद्रव्यं एकत्र आली, तुला मात्र वाटतं आपण दोनच रंग घेतले. चांगल्या ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीन म्हणजे ‘पीबी २९’, यलो ऑकर ‘पीवाय ४३’ किंवा ‘पीवाय ४२’, बर्न्ट सिएना बहुतेक वेळा ‘पीबीआर ७’ किंवा ‘पीआर १०१’. एकच क्रमांक असलेली ट्यूब घ्यावी. अ‍ॅलिझरिन क्रिमसनवर ‘पीआर ८३’ दिसला तर लक्षात ठेव, तो उजेडाने उडतो. खात्री करायची असेल तर कागदाच्या पट्टीवर लाव, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाक आणि दोन-तीन महिने उन्हाच्या खिडकीत ठेव.

जवळच्या ट्यूबवर क्रमांक नसेल तर दुसरी एक परीक्षा आहे. न विरघळणाऱ्या काळ्या मार्करने रेघ मार, वाळू दे आणि तिच्यावरून प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा ओढ. ज्या रंगाचा पातळ पापुद्रा काळ्या रेघेवर दिसतो तो अपारदर्शक. असे दोन-तीन रंग एकत्र आले की कागदाचा पांढरा खालून चमकायचा थांबतो आणि चित्र मेल्यासारखं दिसतं. पोस्टर व्हाइट तर पेटीतून काढूनच ठेव. त्याने चूक झाकली जाते खरी, पण तेवढ्या जागी खडूचा डाग पडतो. काळ्या ट्यूबलाही सध्या सुट्टी.

पण रंग निवडण्यापेक्षा जास्त चिखल वेळ चुकल्याने होतो, आणि ही गोष्ट नुसती वाचून येत नाही, कागदावर बघावी लागते. ओल्या कागदाच्या चार अवस्था ओळखायला शीक. कागद डोळ्यांच्या पातळीला तिरका धर. आरशासारखा चमकतोय आणि पाणी हलतंय, ही पहिली. यात सोडलेला रंग लांबवर पळतो, आकार राहत नाही. चमक आहे पण पाणी जागचं हलत नाही, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं, ही दुसरी. तुझं घाटावरचं आभाळ इथे झालं. ढग, धुकं, लांबची झाडी, पाण्यातल्या सावल्या, सगळ्या मऊ कडा याच अवस्थेतल्या. तिसऱ्या अवस्थेत चमक गेलेली असते, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद गार लागतो. चौथीत गार लागत नाही, म्हणजे सुकला.

तिसरी अवस्था फसवी आहे. कागद कोरडा दिसतो म्हणून आपण ब्रश टेकवतो. ब्रशमधलं पाणी तिथे पसरतं, अर्धवट बसलेले रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि ते कडेला साचतात. मग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कड उमटते. ती पुसायला गेलं की आणखी एक, आणि पाच मिनिटांत तू पत्रात लिहिलेला चिखल. तिसऱ्या अवस्थेत करायची गोष्ट एकच : ब्रश खाली ठेवून उठायचं. पाणी पी, गॅलरीत जाऊन ये. मार्चमध्ये पाच-सात मिनिटांत चौथी अवस्था येते, जुलैत अर्धा तासही लागतो.

ब्रशमधला रंग किती दाट हवा, याचं माप स्वयंपाकघरात आहे. ताक, दूध, बासुंदी, श्रीखंड. ताकाइतका पातळ रंग पहिल्या वॉशला, म्हणजे मोठ्या जागेवर पसरायच्या पातळ थराला. दुधाइतका दुसऱ्या थराला. बासुंदी मुख्य गडद आकारांना, आणि श्रीखंड शेवटच्या चार-दोन ठिपक्यांना. कागद ओला असताना आत जाणारा रंग नेहमी आधीच्या रंगापेक्षा दाट असावा. ओल्या बासुंदीत ताक पडलं की फ्लॉवर उमटलाच. आणि वाळल्यावर प्रत्येक रंग बराच फिका होतो, दाट तर जास्तच. म्हणून ओला असताना जरा जास्त गडद वाटला तरच तो बरोबर आहे. मुली-मुलांची चित्रं फिकट राहतात आणि मग ‘अजून एक हात’ मारताना मळतात, त्यामागे बहुतेक हेच असतं.

एक चित्र जवळून बघू. रंग दोनच, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. विषय म्हैस. कोल्हापुरात राहून म्हैस न रंगवणं हे पाप आहे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेलीस तर मॉडेल आयतं मिळेल. ती मान हलवते, पण बांधलेलं जनावर त्याच दोन-तीन स्थितींत परत येतं, त्यामुळे आधी तिथेच उभ्याने पेन्सिलीने दोन-दोन मिनिटांची तीन टिपणं घे. कागद साडेपाच बाय साडेसात इंच. पेन्सिल २बी, हलका हात. खोडरबर शक्यतो नको, कारण जोरात खोडलं की कागदाचा पृष्ठभाग फाटतो आणि तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. आकार तीन मिनिटांत उरक. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उजेड कुठे पडलाय ते खुणेने ठरव : पाठीची धार, शिंगाची वरची कड, ओलं नाक. या जागी शेवटपर्यंत रंग लागायचा नाही.

बोर्डखाली एखादं पुस्तक सरकवून वरची कड दोन-तीन इंच उचल. वाटीत तीन चमचे पाण्यात थोडा सिएना, ताकासारखा. मागची भिंत, जमीन आणि म्हैस एकाच दमात या पातळ रंगाने झाकून टाक, फक्त त्या तीन खुणा सोडून. म्हैस कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, याची आत्ता चिंता नको. दुसरी अवस्था आली, म्हणजे चमक आहे पण पाणी थांबलंय, की दुधाइतका अल्ट्रामरीन पोटाखाली आणि पायांमध्ये सोड. तो वर सिएनात थोडा घुसेल. घुसू दे. तिथेच तुझी गार सावली तयार होते. आता थांब. पालथा हात लावून बघ.

पूर्ण सुकल्यावर पॅलेटवर अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळ, बासुंदीइतके दाट. निळा जास्त पडला तर पावसाळी ढगाचा करडा, सिएना जास्त पडला तर शेणामातीचा तपकिरी, आणि दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर असा काळा येतो की काळ्या ट्यूबची आठवण होत नाही. म्हशीचा काळा असाच असतो, उन्हाकडे तपकिरी आणि सावलीकडे निळसर. बारा नंबरचा ब्रश भरून घे आणि मानेपासून मागच्या पायापर्यंत आकार तीन-चार फटक्यांत भर. एकेक अवयव वेगळा रंगवू नकोस. वाटेत ब्रशवर एकदा निळा, एकदा सिएना उचल, मिसळण कागदावर होऊ दे. ओल्या आकारातच पोटाकडे आणखी थोडा दाट निळा टेकव. भिंतीला लागून एखादी कड मुद्दाम ओल्या ब्रशने फोड, म्हणजे ती धूसर होईल. पाठीची धार मात्र कोरी आणि टोकदार. शेवटी श्रीखंडाइतक्या रंगाने डोळा, नाकपुडी आणि खुराखालची सावली. एवढे तीन ठिपके, आणि बोर्डावरून उठ. पंचवीस मिनिटं झाली असतील. शेपटीचे केस, वेसण, मागच्या सायकलीच्या तारा यांचा मोह होईल. तो पुढच्या कागदावर भागव.

हेच दोन रंग सुचवण्यामागे आणखी एक सोय आहे. दोघंही कागदावरून बऱ्यापैकी उचलले जातात. चूक पूर्ण वाळू दिली, मग स्वच्छ ओलसर ब्रशने चोळून कापडाने टिपली की फिकी होते. फ्थॅलो ब्लू किंवा प्रशियन ब्लू कागदात मुरतो, तो निघत नाही. म्हणून ते रंग नंतर.

दीड हजारांचं म्हणशील तर निम्म्याहून जास्त रक्कम कागदावर घाल. नवीन विद्यार्थी उलट करतात, चोवीस रंगांची पेटी आणि कार्ट्रेज पेपर घेतात. कार्ट्रेज ड्रॉइंगला ठीक आहे, पण ओल्या वॉशला तो लगेच फुगतो, खळग्यात रंग साचतो आणि आपण म्हणतो मला जमत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खडबडीत कागद घे, पूर्ण इम्पिरियल शीट, २२ बाय ३० इंच. ते चार वेळा अर्ध्यात कापत गेलं की साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे होतात. चार शीटं घेतलीस तर ६४. शंभर टक्के कॉटनचा कागद पाणी सगळीकडे सारखं धरतो, सावकाश सुकतो आणि उचलताना उसवत नाही. चारही शीटं कॉटनची बजेटात बसली नाहीत तर दोन ती आणि दोन साधी, दोन्हींतला फरकही कळेल. या आकाराला कागद भिजवून ताणायची गरज नाही, चारही कडांना मास्किंग टेप पुरते. टेप सुक्या कागदावरच लाव, ओल्यावर ती धरत नाही. काढताना चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरकी, सावकाश. बोर्ड उन्हात तापला असेल तर आधी सावलीत निवू दे, नाहीतर टेपबरोबर कागदाची सालही निघते.

ब्रश एकच, पण चांगला : राउंड, दहा किंवा बारा नंबर, सिंथेटिक चालेल. दुकानात पाणी मागून घे, ब्रश भिजव आणि एकदा झटक. टोक आपोआप जुळलं तर घे. दोन फाटे राहिले तर दुकानदार कितीही ‘वापरून बसेल’ म्हणाला तरी परत ठेव. रंगाच्या ट्यूब आधी दोन. महिन्याभराने यलो ऑकर, एक लेमन यलो आणि एक गुलाबीकडे झुकणारा तांबडा. पॅलेटऐवजी चिनी मातीची किंवा मेलामाइनची पांढरी ताटली चालते. स्टीलची नको, तिच्यात रंग खरा दिसत नाही. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी उचलायला. एकाच भांड्यावर काम केलं की तिसऱ्या वॉशपासून प्रत्येक रंगात थोडा थोडा करडा जातो.

बाहेर बसायचं तर उन्हाळ्यात साडेनऊच्या आत आटोप. कागद सावलीत हवा. उन्हात पांढरा कागद एवढा झळाळतो की रंग फिके वाटतात, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. फारच भराभर सुकत असेल तर वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाक. जास्त नको, चित्र चिकट राहतं.

सीनियरांचं ऑइल. जलरंग पोरासोरांचे असं कोण म्हणत असेल त्याला ‘ग्लो ऑफ होप’ कोणत्या माध्यमातलं, ते विचार. हातातल्या दिव्यापुढे पंजा धरलेली ती तरुणी, बोटांतून पाझरणारा तांबूस उजेड. कॅलेंडरांवरून सगळ्यांनी पाहिलंय, कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचं जलरंगातलं चित्र आहे, त्यांची मुलगीच मॉडेल होती, आणि ते आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. तुझ्या गावाचंच उदाहरण हवं तर चित्रकार आबालाल रहिमान घे. १९३१ मध्ये ते गेले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा, म्हणजे तू जिथे बोर्ड घेऊन बसतेस त्याच जागा त्यांनी जलरंगात रंगवल्या. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची कामं बघायला मिळतात, आणि राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे. तिथे सगळी दालनं फिरू नकोस. एकच चित्र निवड, वीस मिनिटं समोर उभी राहा आणि वहीत त्याचा हाताएवढा आराखडा काढून फक्त दोन गोष्टी लिही : पांढरा कागद कुठे कोरा सोडलाय, आणि सगळ्यात गडद ठिपका कुठे आहे. जमलं तर आठवड्याने परत जाऊन तेच चित्र बघ.

ऑइल वाईट नाही. रेखा व रंगकला, म्हणजे चित्रकलेच्या शाखेत गेलीस तर ते अभ्यासक्रमात येणारच आहे, आणि स्टुडिओत येणार आहे, जिथे खिडक्या उघड्या असतात. होस्टेलच्या बंद खोलीत टर्पेंटाइन घेऊन बसणं डोक्याला आणि फुप्फुसाला चांगलं नाही. दुसरा धोका सीनियर सांगत नाहीत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात ढीग केला तर तेल सुकताना उष्णता सोडतं, ती आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाकायच्या. शिवाय ऑइलचा पातळसा थरही वरवर सुकायला काही दिवस घेतो, जाड थर आठवडे. तुला आत्ता हवाय तो भराभर हुकण्याचा सराव. एका संध्याकाळी दोन चित्रं बिघडवता आली पाहिजेत. ते जलरंगातच शक्य आहे.

ड्रॉइंगबद्दल फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकदा नुसत्या तासांचं काम असतं. ज्यांचं तुझ्यापेक्षा चांगलं आहे ते तुझ्याआधी दोन-तीन वर्षं बसले असतील. एसटी स्टँडवर रोज दहा माणसं, प्रत्येकी दोन मिनिटं, बॉलपेनने, म्हणजे खोडायचा प्रश्न नाही. एक गोष्ट मात्र तुला आजपासून करता येईल. डोळे किलकिले करून बघ. बारीकसारीक तपशील विरघळतो आणि तीनच टोन उरतात : उजेड, मधला, गडद. ड्रॉइंग जरा चुकलेलं पण टोन बरोबर असलेलं चित्र उभं राहतं. ड्रॉइंग चोख आणि टोन चुकलेलं चित्र रंगवलेल्या नकाशासारखं दिसतं. तुझ्या वर्गातल्या भिंतीवर दोन्ही नमुने असतील.

आता साठ चित्रांचं. मार्चच्या या आठवड्यापासून जूनपर्यंत बारा आठवडे धर, आठवड्याला पाच. प्रत्येकाला चाळीस मिनिटांहून जास्त वेळ नाही, चूक झाली तरी त्याच कागदावर शेवट करायचा, आणि मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि काय बिघडलं ते एका ओळीत लिहायचं. ‘तिसऱ्या अवस्थेत हात लावला.’ ‘पाणी घाण होतं.’ पहिली दहा-पंधरा फक्त दोन रंगांत. नंतर एकच विषय सलग सात वेळा, घाटाच्या पायऱ्या किंवा गल्लीतली एखादी कौलारू भिंत. चौथ्या वेळेपर्यंत कंटाळा येतो आणि पाचव्यापासून दिसायला लागतं. गुऱ्हाळं अजून चालू असतील तर चुलवाणाच्या धुरासाठी दुसरी अवस्था किती उपयोगी पडते तेही बघ.

पण या साठांत किमान बारा चित्रं अशी हवीत, जी काढायची तुला हौस नाही. आरशात बघून स्वतःचं डोकं. कांदा, तांब्या आणि सुती फडकं. मैत्रिणीचा हात. कारण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : ओल्या कागदावर आभाळ आवडणं आणि रेखा व रंगकला शाखा आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शाखेत लॅंडस्केप हा कामाचा एक भाग असतो. बाकीचे तास स्टिल लाइफ, हेड स्टडी, कॉम्पोझिशन आणि पुढे लाइफ (समोर मॉडेल ठेवून माणसाचं चित्रण) यांत जातात, तेही इझलसमोर उभं राहून. तिकडे उपयोजित कलेत अक्षरांकन, मांडणी, जाहिरात मोहिमा असतात, पण इलस्ट्रेशनही असतं आणि जलरंगाचा हात तिथे वाया जात नाही. दोन्ही शाखांच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि त्यांची या वर्षाची सबमिशनं मागून बघ. चांगली निवडून लावलेली नकोत, सगळा गठ्ठा. कोणता गठ्ठा बघताना ‘हे मला करायचंय’ वाटतं आणि कोणता बघताना नुसतं ‘छान आहे’ वाटतं, ते तुझं तुला कळेल. मे महिन्यात त्या बारा नावडत्या चित्रांच्या मागच्या ओळी वाच. ती तू ओढूनताणून उरकली असशील तर उपयोजित कला घे आणि जलरंग रविवारी कर, त्यात कमीपणा काही नाही. त्यातली दोन-चार तू कुणी न सांगता परत काढली असशील, तर रेखा व रंगकला. आणि साठांतली वीसच झाली, पुढे हात वळलाच नाही, तर वेड होतं, गेलं. चार शीट कागदात सुटलीस.

बाबांशी जूनआधी भांडू नकोस, आणि आत्ता घोषणाही नको. गठ्ठा तयार झाला की तारखेप्रमाणे लावून त्यांच्यासमोर ठेव, पहिलं आणि साठावं शेजारी शेजारी. बोर्ड रंगवलेला माणूस हाताची प्रगती तुझ्या सरांपेक्षा लवकर ओळखेल. त्यांचा खरा प्रश्न पोटापाण्याचा आहे, त्याचं उत्तर खरंच दे. चित्रं विकून घर चालवेन असं म्हणू नकोस. विक्री उशिरा सुरू होते आणि नियमित नसते. शाळेत कला शिक्षक व्हायला लागणारी पदविका, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांच्या शिकवण्या, पुस्तकांची चित्रं, हे मार्ग त्यांना समजतील. दुकानाचं डिझाइनही टाकू नकोस. फ्लेक्सला लागतं तेवढं सॉफ्टवेअर सुट्टीत काही महिन्यांत शिकता येतं, रविवारी बसून काम करून देता येतं. चार वर्षं इझलपुढे उभं राहायची सोय मात्र आयुष्यात परत मिळणं कठीण असतं. माझं मत इथे तुझ्या बाजूला झुकलेलं आहे हे कबूल.

दरम्यान त्यांच्याकडून एक गोष्ट शिकून घे, आणि ती मागताना शाखेचा विषय काढू नकोस. बोर्ड रंगवणारे हात टेकायला काठी घेतात आणि वळणदार ‘क’ची जाड-बारीक रेघ एका दमात, ब्रश बोटांत फिरवत काढतात. मनगट स्थिर आणि खांदा सैल. म्हशीच्या पाठीची कोरी धार सोडायला नेमका हाच हात लागतो, आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, तुमच्या कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे. बाबांना या दोघांची नावं तुझ्याआधी माहीत असतील. एका रविवारी दुकानातला एखादा कोरा फ्लॅट ब्रश आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन बसा. एनॅमल लागलेला ब्रश जलरंगाला घेऊ नकोस, त्यात पाणी धरत नाही.

आणि कागदाचं राहिलंच. पहिल्या वळवाच्या आत उरलेले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद कर, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, आणि पिशवी भिंतीला लागलेल्या कपाटात न ठेवता पलंगाखालच्या ट्रंकेत ठेव. कोल्हापूरच्या पावसात कागदाला बुरशी धरते. ती दिसत नाही, पण कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग एकदम शोषू न देणारा लेप, खराब करते. मग ऑगस्टमध्ये वॉश दिला की मधेच मोहरीएवढे गडद ठिपके उमटतात, आणि तू पुन्हा स्वतःच्या हाताला दोष देत बसशील.